मागण्यांचं पान

मानवाधिकारांच्या आंतरराष्ट्रीय वकिलीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी ओगिएक खटला वाचायला लावते. तो आफ्रिकेच्या प्रादेशिक मानवाधिकार न्यायालयात चालला. आशियासाठी असं न्यायालयच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या वकिलांना ही वाट ठाऊक नसते.

ओगिएक म्हणजे केनियातल्या माउ जंगलात शिकारीवर आणि मधावर जगणारे लोक. २००९ च्या ऑक्टोबरात वनखात्याने त्यांना तीस दिवसांत जंगल सोडायची नोटीस बजावली. कारण दिलं पाणलोटाच्या रक्षणाचं. केनियाविरुद्ध या न्यायालयात थेट दावा लावायची सोय नव्हती, म्हणून प्रकरण आधी बांजुलच्या आफ्रिकी मानवाधिकार आयोगाकडे गेलं. २०१२ मध्ये आयोगाने ते अरुशाच्या या न्यायालयात नेलं.

सरकारची पहिली हरकत ठरलेली असते: देशातली कोर्टं आधी का चढला नाहीत? तिला भाषणाने उत्तर देता येत नाही. जुने अर्ज, पोचपावत्या, पडलेल्या तारखा दाखवाव्या लागतात. हे दप्तर सांभाळणारा गावातला कार्यकर्ता माझ्या लेखी ज्येष्ठ वकिलाच्या तोडीचा.

शपथपत्राचंही तसंच. एखादी आजी सांगते, "धाकटा रांगत होता तेव्हा घर जाळलं." नवा वकील लगेच साल लिहायला जातो. मी त्याला थांबवते. वाक्य तिचंच ठेवायचं आणि धाकट्याचा जन्मदाखला, नाहीतर लसीचं कार्ड, सोबत जोडायचं. उलटतपासणीत तिला रांगणारं पोर आठवतं. आपण घुसडलेलं साल आठवत नाही.

२६ मे २०१७ ला ओगिएक जिंकले. जंगल उजाड झालं ते बाहेरच्यांच्या अतिक्रमणाने आणि सरकारी तोडपरवान्यांनी, असं न्यायालयाने नोंदवलं. जीविताच्या हक्काचा मुद्दा मात्र फेटाळला. मला ते अजून पटलेलं नाही. अन्न, औषध, देव सगळं ज्याचं जंगलात, त्याला तिथून उठवल्यावर उरतं काय?

२०२२ मध्ये १५ कोटी ७८ लाख ५० हजार शिलिंग भरपाई आणि जमिनीचा सामूहिक हक्क देण्याचा आदेश झाला. तरी २०२३ च्या नोव्हेंबरात माउमध्ये पुन्हा घरं पाडली गेली.

म्हणून मसुद्यातलं शेवटचं पान, मागण्यांचं, मी सर्वांत आधी लिहायला घेते. "न्याय मिळावा" एवढ्यावर कुठलंही सरकार वर्षानुवर्षं काढतं. जमीन कोणत्या खात्याने मोजायची, किती मुदतीत, अहवाल कधी द्यायचा, हे तिथेच मागावं लागतं. मोजणीच्या वेळी त्याच वस्तीतली माणसं हजर असावीत, हेसुद्धा.