आईचे गुडघे आणि माझी इंजेक्शनं

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसरा मजला, ५४ पायऱ्या. लहानपणी मी त्या दोन-दोन करून उतरायचो आणि शेवटच्या चार एकदम उडी मारून. आई वरून ओरडायची, "अरे, पाय मोडशील!" माझे पाय काही मोडले नाहीत. गुडघे गेले ते तिचे.

हे मला कळलं ते टोपलीवरून. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याहून नेहमीसारखा शुक्रवारी रात्री घरी पोचलो. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तर आईने कठड्याला बांधलेली नायलॉनची दोरी खाली सोडली. टोकाला प्लास्टिकची टोपली, त्यात पन्नासची नोट. खाली भाजीवाल्याने नोट घेतली, मेथीची जुडी ठेवली, वर सुटे पैसे ठेवले. दोघांचंही काम एकदम सराईत.

"अगं, हे कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

"आणि तू स्वतः खाली कधी उतरली होतीस?"

यावर आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. अकरा दिवस झाले होते. मी रोज फोन करत होतो, रोज "सगळं ठीक, तू जेवलास का?" ऐकत होतो आणि समाधानाने फोन ठेवत होतो. ज्या सिस्टिमचे सगळे लॉग हिरवे असतात तीच आतून बंद पडलेली असते, हे मला ऑफिसात बरोबर कळतं.

आईचं वय ६८, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त, बारा वर्षांपासून डायबेटिस. चढताना फारसं नाही, पण उतरताना जीव जातो म्हणाली. ती उतरते तेव्हा मी पाहिलं होतं की तिला, फक्त लक्ष दिलं नव्हतं: कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी, खेकड्यासारखी, एकेक पायरी.

डॉक्टरांकडे गेलो. उभं करून एक्स-रे काढला. (झोपवून काढला तर हाडांमधली फट आहे त्यापेक्षा बरी दिसते, वजन पडल्यावर खरं काय ते कळतं.) ग्रेड थ्री. ही ग्रेड केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली ठरवून दिली, शून्य ते चार. म्हणजे शेवटून दुसरी. डॉक्टरांनी व्यायामाचा छापील कागद दिला, वजन पाच किलो कमी करायला सांगितलं आणि सूज बरीच आहे म्हणून दुखऱ्या उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घेऊ म्हणाले. "काकू, याने आग विझेल. जळलेलं घर काही दुरुस्त होणार नाही."

मला हे लगेच समजलं. हॉटफिक्स. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकतात तसं.

तसा हा हॉटफिक्स बराच जुना आहे. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागलेली बघून जग थक्क झालं. १९५० मध्ये नोबेलसुद्धा मिळालं. मग लक्षात आलं की हे औषध रोज पोटात घेतलं तर बाकीच्या शरीराची वाट लागते. त्यावर फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये त्याचा भाऊबंद हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचून दाखवला. दुखतंय तिथेच औषध, बाकी ठिकाणी थोडंच. तीच कल्पना आजही चालू आहे.

इंजेक्शनच्या वेळी मी शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी आधी सुईने फिकट पिवळं पाणी काढलं, बरंच निघालं. मला घाम फुटला. आई समोर बघत म्हणाली, "डॉक्टर, तुमचं कॅलेंडर अजून जानेवारीतच आहे हो." एकदा शिक्षिका ती कायमची शिक्षिका.

पुढचे तीन दिवस साखर वर गेली. जेवणानंतर एरवी १८० च्या आसपास असते ती २९०. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून घाबरलो नाही. पण घरात डायबेटिसवालं कोणी असेल आणि डॉक्टर बोलले नाहीत, तर आपण होऊन विचारा. सांध्यात टोचलेलं औषध सांध्यातच बसून राहत नाही. चौथ्या दिवसापासून मात्र जादू झाली. पाडव्याला आई फडके रोडवर शोभायात्रा बघायला गेली, दोन तास उभी राहिली आणि मला लेझीम पथकाचे सतरा फोटो पाठवले. सगळे हललेले.

सात आठवडे. मग आंबे आले आणि दुखणंही आलं.

"आणखी एक देऊन टाका ना," मी डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, तीन महिने तरी होऊ देत, आणि ही सवय लावायची नाही. २०१७ साली 'जामा'मध्ये एक चाचणी छापून आली होती. १४० माणसं, दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी निम्म्यांच्या गुडघ्यात स्टिरॉइड आणि निम्म्यांच्या नुसतं मिठाचं पाणी. शेवटी दुखण्यात फरक नाही, पण स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली: ०.२१ मिलिमीटर, दुसऱ्या गटात ०.१०. म्हणजे अधूनमधून एखादं ठीक, वेळापत्रक लावून नको. मग त्यांनी विचारलं, "व्यायामाचं काय झालं?"

आई आणि मी, दोघांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. तो कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली होता. छान दिसत होता.

तर मंडळी, इथून पुढची चूक माझी. रविवारी रात्री पुण्याला परत आलो आणि लॅपटॉप उघडून 'संशोधन' केलं. म्हणजे क्लिनिकांच्या साइट वाचल्या. दोन प्रकार कळले. एक 'जेल'चं, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिड. सांध्यातल्या वंगणाला चिकटपणा देणारा हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला, पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनायला लागला. (हे मी आईला मुळीच सांगितलं नाही. ती गुरुवारी अंडंही खात नाही.) दुसरं पीआरपी. आपलंच रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, प्लेटलेटवाला भाग उचलायचा आणि गुडघ्यात सोडायचा. आपलंच रक्त, नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही, कूर्चा पुन्हा उगवते वगैरे वगैरे.

मला पीआरपी भयंकर आवडलं. का आवडलं हे आता कळतं. त्यात यंत्र होतं, तीन बैठकांचं पॅकेज होतं, ऑनलाइन पैसे भरायची सोय होती. मी पुण्यात बसून करू शकेन असं त्यात सगळं होतं. फ्रिजवरच्या कागदात तसं काहीच नव्हतं.

आई म्हणाली, "अरे, एवढे पैसे?" तिन्ही बैठकांचे मिळून माझ्या घराच्या हप्त्यापेक्षा जास्त होत होते. मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा जास्त आहेत का?" हा डायलॉग मारताना मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. लोक सौजन्याने वागले, सगळं स्वच्छ होतं, पावतीही दिली. फक्त इथे उपयोग किती होईल याचा आकडा कोणी बोललं नाही, आणि मीही विचारला नाही. साधा फोन घेताना मी चाळीस रिव्ह्यू वाचतो.

आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं जूनमध्ये झाली. जुलैत रोज फोनवर विचारायचो, "कसं आहे?" "बरंच बरं आहे रे." "किती टक्के?" (हो, मी असा प्रश्न आईला विचारतो.) "साठ टक्के म्हण." मी ऑफिसात दोघा-तिघांना क्लिनिकचा नंबरही दिला.

ऑगस्टमध्ये कल्याणला क्लायंटकडे काम निघालं. ते दुपारीच संपलं म्हणून न कळवता घरी गेलो. बिल्डिंगखाली आलो तर वरून टोपली उतरत होती.

वर गेलो. आईने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या टोपलीकडे बघितलं. (भाजीवाल्याकडून मीच घेतली होती, दोरी सोडवून.) बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू एवढे पैसे घातलेस. तुला काय सांगणार होते मी?"

त्या रात्री मी खरोखर वाचलं. क्लिनिकांच्या साइट सोडून.

ऑस्ट्रेलियात पीआरपीची एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये 'जामा'त छापून आली. गुडघेदुखीची २८८ माणसं. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं, निम्म्यांना तशीच तीन, पण मिठाच्या पाण्याची. कोणाला काय मिळालं ते त्यांना माहीत नाही. वर्षानंतर पीआरपीवाल्यांचं दुखणं दहापैकी २.१ ने कमी झालं होतं. मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. कूर्चेत म्हणण्यासारखा फरक नाही. जेलचंही तेच. २०२२ मध्ये 'बीएमजे'ने १६९ चाचण्यांचा आढावा छापला, एकवीस हजारांहून जास्त माणसं: फायदा आहे, पण जाणवेल एवढा नाही, आणि गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्तच. पीआरपीची बाजू घेणाऱ्या लहान चाचण्या आहेत, प्रत्येक ठिकाणची बनवायची पद्धत वेगळी असते हा मुद्दाही खरा आहे. पण मी आईच्या रक्तासाठी जे पैसे मोजले ते या अंधुक फरकासाठी नव्हते.

मी अडकलो तो त्या १.८ पाशी. नुसत्या मिठाच्या पाण्याने माणसांना बरं का वाटावं? एक कारण साधं आहे. माणूस इंजेक्शन घ्यायला जातो ते दुखणं शिखरावर असताना. तिथून ते आपोआप थोडं खाली येतंच. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर बग गेला की आपण श्रेय रीस्टार्टला देतो, तसं. दुसरं, सुई, पांढरा कोट, कोणीतरी आपल्या गुडघ्याकडे वीस मिनिटं निरखून बघतंय, याने खरंच दुखणं कमी होतं, त्यात खोटं काही नाही. आणि तिसरं कारण चाचण्यांमध्ये मोजणं कठीण असेल, पण मला आमच्या घरात सापडलं होतं. विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस साठ टक्के म्हणतो.

त्याच रात्री आणखी एक निबंध सापडला, २०२० सालचा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला. अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांतले १५६ रुग्ण. काहींना स्टिरॉइडची इंजेक्शनं, काहींना फिजिओथेरपी. वर्षाच्या शेवटी फिजिओवाले सरस. दुखणं आणि हालचाल मिळून जो आकडा काढतात (जास्त म्हणजे वाईट) तो इंजेक्शनवाल्यांचा ५५.८, फिजिओवाल्यांचा ३७. म्हणजे फ्रिजवरचा कागद.

सप्टेंबरपासून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायला लागली, आणि बाकीच्या दिवशी रात्री साडेआठला मी व्हिडिओ कॉलवर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, दहा आकडे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की उतरताना धक्का तो घेतो, नाहीतर सगळा सांध्यावर येतो. नुसतं बघत बसणं बरं दिसेना म्हणून मीही करायला लागलो. दिवसाचे दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या ३४ वर्षांच्या माणसाचा पाय सातव्या आकड्याला थरथरतो, ही माहिती आईला फार आवडली. "सरळ ठेव, वाकतोय," ती ओरडते. पहिले तीन आठवडे दोघांनाही त्रासच झाला. तिने दोनदा "आता पुरे" म्हणून कॉल कापला.

स्टिरॉइडबद्दल माझा आकस नाही. डिसेंबरमध्ये गुडघा पुन्हा सुजला तेव्हा डॉक्टरांनी एक दिलं, साखर पुन्हा उसळली, पण या वेळी त्या बऱ्या आठवड्यांत आम्ही व्यायाम वाढवून घेतला. पहिल्या वेळी ते सात आठवडे आम्ही नुसते खर्च करून टाकले होते.

आणि ऑपरेशन टळलंय असं काही नाही. डॉक्टर म्हणतात, एक-दोन वर्षांत सांधा बदलावा लागू शकतो, आणि ते ठरलं तर आधीचे तीन महिने गुडघ्यात कसलंच इंजेक्शन नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आईला त्याची भीती वाटते. मी तिला वाजपेयींची आठवण करून दिली. २००० साली एक आणि २००१ साली दुसरा, दोन्ही गुडघे मुंबईत ब्रीच कँडीला डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, त्यानंतर ते पंतप्रधान म्हणून काम करत राहिले. "त्यांच्याकडे लिफ्ट असेल," आई म्हणाली.

गेल्या शनिवारी ती माझ्याबरोबर खाली उतरली. तोंड पुढे करून, एका हाताने कठडा धरून. ३१ पायऱ्यांपर्यंत. मग दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर थांबली, म्हणाली, "आता आडवी येते, तू पुढे हो." मी पुढे झालो नाही. मी विचारलं, किती दुखतंय. ती म्हणाली, "दहापैकी पाच. आणि हे खरं सांगतेय."

दोरी मात्र तिने काढलेली नाही. कांदे-बटाटे जड असतात, म्हणते.