अडकलेला दट्ट्या

यंत्रांविषयीं आमचें ज्ञान बेताचेंच आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. घड्याळ उघडून पुन्हा मिटतांना दोन स्क्रू हटकून शिल्लक राहावेत, इतपतच आमची त्यांतली गति. तरीहि गेल्या उन्हाळ्यांत आमच्या वडिलांची जुनी जावा मोटरसायकल घरच्या घरीं उघडण्याचें साहस आम्हीं केलें.

अण्णांनीं ती १९६८ सालीं पुण्यांत घेतली. म्हैसूरच्या कारखान्यांत तयार झालेली, सिलिंडर एकच पण सायलेन्सर मात्र दोन, अशी ही अडीचशे सी. सी. ची गाडी, गिअर बदलावयाचा व किक मारावयाचा दांडाहि एकच. अण्णांची दृष्टि अधू झाल्यावर ती मागल्या पडवींत उभी राहिली. "महिन्यांतून एकदां तरी किक मारीत जा रे," असें ते आम्हांस बजावीत, आणि आम्ही होकार देत असूं. किक मारणें तर राहिलेंच. उलट एकदां आमच्या स्कूटरचा प्लग निकामी झाला तेव्हां आम्हीं जावाचा प्लग काढून तिला लावला, आणि त्या छिद्रांत फडक्याचा बोळा कोंबून ठेवला. नवा प्लग उद्यां आणूं, असें त्या दिवशीं म्हटलें होतें. त्या 'उद्यां'वरून अकरा पावसाळे गेले. मधल्या काळांत अण्णाहि गेले.

बोळ्यानें पाऊस प्यावा आणि सिलिंडरास पाजावा, हें ओघानेंच आलें. दांड्यावर पाय ठेवला तों तो जागचा हलेना. आम्ही वर उभे राहिलों, मग उडी मारली. दांडा सटकून नडगीवर बसला आणि आम्ही खालीं बसलों. आई दारांतून म्हणाली, "देऊन टाक रे आतां भंगारांत." तिच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें.

दट्ट्या, म्हणजे ज्यास सगळे लोक पिस्टन म्हणतात तो, दोन रीतींनीं अडकतो. एक धांवतांना. जावासारख्या गाडींत पेट्रोलमध्येंच तेल मिसळावें लागतें. तें कमी पडलें कीं घर्षणानें पिस्टन तापतो. तो अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. सारख्याच उष्णतेनें अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, आणि दोहोंमधली केसाएवढी फट बुजून जाते. १९७४ च्या उन्हाळ्यांत खंबाटकीच्या घाटांत अण्णांच्या गाडीचें असेंच झालें होतें. मागें आई बसलेली; चाक एकाएकीं जाम झालें. ही हकीकत अण्णा आल्यागेल्यास सांगत, आणि तिचा शेवट ठरलेला असे: "झाडाखालीं अर्धा तास बसलों, निवूं दिलें, आणि एका किकेंत चालू!"

दुसरी रीत उभ्याउभ्या अडकण्याची. लोखंड गंजलें म्हणजे फुगतें. तो गंज त्याच फटींत पाचरीसारखा बसतो. हा निवत नाहीं, कारण तो तापलेलाच नसतो.

अखेर आम्हीं ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना घरीं बोलावलें. त्यांनीं आमची नडगी पाहिली, मग इंजिन पाहिलें. "साहेब, आधीं भिजूं द्या. मारामारी नंतर आहेच." वरचें हेड काढून पिस्टनच्या माथ्यावर डिझेल व पातळ तेल यांचें मिश्रण ओतावयाचें, आणि रोज संध्याकाळीं तेल कितपत उतरलें तें पाहावयाचें, एवढेंच काम आमच्याकडे आलें. चार दिवस तें तसूभर ढळलें नाहीं. विहिरीचें पाणी पाहावें तसे आम्ही बॅटरी घेऊन सिलिंडरांत डोकावत असूं. पांचव्या दिवशीं तेल बोटभर उतरलें, आणि आमच्या घरांत त्या दिवशीं दुसरा विषय निघाला नाहीं.

दरम्यान बाजूच्या झांकणाच्या एका स्क्रूचें डोकें आम्हीं बळ लावून सपाट केलें. मिस्त्रींनीं त्याच्या भोंवतालचें झांकण दिव्याच्या ज्योतीनें शेकलें. स्क्रू पोलादी, झांकण अॅल्युमिनियमचें. येथें तेंच अधिक फुगणें कामास आलें, आणि स्क्रूची पकड सुटली. जो गुण घाटांत वैरी झाला तोच येथें सोयरा! आम्ही त्यावर कांहीं बोलणार होतों, पण मिस्त्रींनीं आमच्या हातीं ठोकळा दिला.

हा ठोकळा लांकडी, सिलिंडरच्या मापाला तासलेला. हातोडा थेट पिस्टनवर बसला तर पिस्टन फुटेल, म्हणून मध्यें लांकूड. घाव हलके व पुष्कळ; आणि गाडी चौथ्या गिअरमध्यें टाकून आमच्या चिरंजिवांनीं मागलें चाक थोडें पुढें, थोडें मागें हालवावयाचें. नवव्या दिवशीं दुपारीं पिस्टन जवभर खालीं सरकला. आम्हांस तो तसाच खालीं दामटावयाचा मोह झाला. मिस्त्रींनीं हात धरला, आणि तो पुन्हा वर आणविला. असें खालींवर करीत, मध्यें मध्यें तेल पाजीत, संध्याकाळपर्यंत तो मोकळा झाला, आणि सिलिंडर वर उचलून निघाला.

पिस्टनच्या अंगावर उभे जुने ओरखडे होते. ते खंबाटकीचे, हें आम्हीं ओळखलें. परंतु त्यांवरून तिरप्या बारीक रेघा गेलेल्या होत्या. मिस्त्रींनीं अंगठा फिरवून पाहिला. "हा कोणीतरी कानशीनें घासला आहे. सावकाश. कारखान्यांतलें काम नव्हे."

"ह्यांनींच घासला," आई म्हणाली. ती केव्हां येऊन उभी राहिली होती, कोणास ठाऊक. "साताऱ्याहून आलों त्या रात्रीं सगळें उघडून इथेंच बसले होते. पहांटेपर्यंत मी बॅटरी धरून उभी. कोणास सांगूं नकोस, म्हणाले."

अर्ध्या तासाच्या त्या गोष्टीस एक सबंध रात्र जोडलेली होती, आणि ती आईनें इतकीं वर्षें आपल्याजवळ ठेविली होती. आम्ही पिस्टन तिच्या हातीं दिला. तिनें तो पदराच्या टोंकानें पुसला, उजेडाकडे फिरवून पाहिला, आणि विचारलें, "हाच पुन्हा बसेल का?"

मिस्त्रींनीं नकारार्थी मान हलविली. सिलिंडर गंजानें खाल्ला होता. बोअर करून त्यास थोड्या मोठ्या मापाचा पिस्टन घालणें प्राप्त होतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो नाना पेठेंत नेऊन दिला, आणि परत येतांना पहिल्याच दुकानांतून एक प्लग विकत घेतला.