पडलेल्या राजधानीत एक दिवस

मैत्रिणींनो, नागपूर म्हटलं की काय आठवतं? संत्री, संत्राबर्फी, तर्री-पोहे आणि मे महिन्यातलं ते नको नको होणारं ऊन! लग्नकार्याला नाहीतर डिसेंबरातल्या अधिवेशनाच्या निमित्तानं आपण नागपूरला जातो, इतवारीत साड्या घेतो आणि परत येतो. पण ज्या रस्त्यांवरून आपण पिशव्या सांभाळत चालतो, तिथं एक राजधानी पडली, हे कितीजणींना ठाऊक असतं? म्हणूनच पुढच्या खेपेला एक दिवस खरेदीतून वाचवा आणि हे जुनं नागपूर बघून घ्या.

आधी थोडी ओळख करून घेऊ या. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शहा यानं १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून हे गाव वसवलं. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानानं गावाला तट बांधला आणि जुम्मा तलाव करवला. पुढे गोंड घराण्यात भाऊबंदकी माजली, मदतीला म्हणून रघूजी भोसले आले आणि होता होता राज्य त्यांच्याकडेच गेलं. नागपूरकर भोसल्यांचा दरारा थेट बंगाल-ओरिसापर्यंत होता. मराठे येतात म्हणून कलकत्त्याच्या इंग्रजांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला, तो या भोसल्यांच्याच धाकानं!

आता निघू या. सुरुवात सीताबर्डीपासून करा. बर्डीचं मेट्रो स्टेशन अगदी मोक्याचं आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. समोर दिसते ती टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांसाठी उघडतात, म्हणून आत जायचं असेल तर तारीख धरूनच बेत आखावा. हा किल्ला लढाईच्या वेळी नव्हता बरं का! लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी तो बांधला. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथं फक्त दोन उघड्या टेकड्या होत्या. त्यांवर इंग्रजांची जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं आणि समोर अप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पट फौज, त्यात कडवे अरब शिपाई. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. पण इंग्रजांच्या घोडदळानं खालच्या मैदानात मुसंडी मारली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि हातातोंडाशी आलेला विजय निसटला.

टेकडीकडून पूर्वेला महाल भागात या. वाटेत गांधी गेट लागेल. याच्याखालून रिक्षा, स्कूटरी, शाळेची मुलं अशी सगळी वर्दळ चालू असते, म्हणून बाजूला उभं राहून मान वर करून बघा. हाच जुना जुम्मा दरवाजा. १६ डिसेंबर १८१७ ला अप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. राजा गेला, पण शहर पडलं नाही! अरब शिपाई आत महालात ठाण मांडून बसले. इंग्रजांनी तोफा लावल्या आणि २४ डिसेंबरला या दरवाज्यावर हल्ला चढवला, तोही परतवून लावला गेला. शेवटी बोलणी झाली आणि ३० तारखेला अरब आपली बायकामुलं, सामानसुमान घेऊन बाहेर पडले. त्या दोन आठवड्यांत तटाच्या आतल्या घरांमधून काय चाललं असेल? पाणी कुठून आणत असतील, तान्ह्या पोरांना तोफांच्या आवाजात कसं निजवत असतील? इतिहासाच्या पुस्तकांत हे सापडत नाही. आपल्याला मात्र तिथं उभं राहिलं की आधी तेच सुचतं, नाही का?

इथून पुढे चालतच जावं. महालातल्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आणलीत तर डोकेदुखीच. जुने लाकडी वाडे मधूनमधून दिसतात, काही सावरलेले, काही नुसते टेकू देऊन उभे. ज्या राजवाड्यामुळे या भागाला महाल हे नाव पडलं, तो काळ्या दगडाचा, कोरीव लाकडी कामाचा वाडा मात्र बघायला मिळत नाही. १८६४ मध्ये तो आगीत जळाला. म्हणजे तोफांनी जे नेलं नाही ते आगीनं नेलं. शुक्रवारी भागात भोसल्यांच्या समाध्या आहेत आणि चांद सुलतानाचा तो जुम्मा तलावही आहे. आता त्याला गांधीसागर म्हणतात. उन्हं उतरल्यावर काठावर जरा टेकावं, मुलांना खारे दाणे घ्यावेत आणि पुढची गोष्ट सांगावी.

ती गोष्ट एका बाईची आहे. नाव बांकाबाई. दुसऱ्या रघूजीराजांची ही राणी. १८१६ मध्ये राजे वारले. गादीवर आले परसोजी, पण ते अधू आणि आजारी. कारभार कोणी बघायचा यावरून वाड्यात दोन तट पडले, एक बांकाबाईंचा आणि दुसरा त्यांचे पुतणे अप्पासाहेब यांचा. बांकाबाईंच्या पक्षावर मात करायची म्हणून अप्पासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. इंग्रजी फौज घरात आली ती अशी. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मारले गेले आणि अप्पासाहेब राजे झाले. त्याच अप्पासाहेबांनी नोव्हेंबरात इंग्रजांवर तलवार उपसली, हरले, १८१८ मध्ये पकडले गेले, शिपायाचा वेष घेऊन कैदेतून निसटले आणि पुढे दूर जोधपुरात १८४० साली वारले. त्यांचं शौर्य नागपूर विसरलेलं नाही, आणि विसरूही नये.

आणि बांकाबाई? मुलीच्या पोटचा नातू दत्तक देऊन गादीवर बसवला गेला, तो तिसरा रघूजी. त्याचा सांभाळ आणि वाड्याचं सगळं बांकाबाईंकडे आलं. बाहेर हुकूम रेसिडेंट जेंकिन्सचा, आत घर बांकाबाईंचं. हा नातूही १८५३ च्या डिसेंबरात मुलाबाळांशिवाय वारला आणि डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती-घोडे इथंच विकले गेले, दागदागिने कलकत्त्याला लिलावात काढले. पुरुषांनी केलेल्या तहांचा हिशेब बायकांच्या पेट्यांतून चुकता झाला! म्हाताऱ्या राणीनं विरोध केला, दत्तकासाठी अर्जविनंत्या झाल्या. १८५७ च्या धामधुमीत मात्र तिनं आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही, आणि १८५८ मध्ये तिनं डोळे मिटले. दत्तक घेतलेल्या जानोजींना इंग्रजांनी पुढे देऊरचे राजेबहादूर ही पदवी दिली, राज्य काही परत मिळालं नाही.

म्हणूनच मला वाटतं, नागपूरचा वेढा दोन आठवड्यांचा नव्हताच. १८१६ च्या तहानं तो पडला आणि १८५४ ला संपला. अडतीस वर्षं!

आता तुम्हाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक सांगते. त्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल सजवून नेतात. त्याच दिवशी बडगे आणि मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. रोगराई, ईडापीडा घेऊन जा असा पुकारा होतो आणि शेवटी पुतळे जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असं जुने लोक सांगतात. मिरवणूक जरूर बघा, एवढी गर्दी, एवढा उत्साह दुसरीकडे दिसायचा नाही. मुलांचे हात मात्र घट्ट धरा.

पण बघताना एक विचार मनात येऊ द्या. राज्य बुडालं त्याला कारणं कितीतरी. भाऊबंदकी होती, तह होता, दारूगोळ्याचा स्फोट होता, डलहौसीचा कायदा होता. तहावर सही करणाराचा पुतळा निघत नाही, दरवर्षी जळते ती वाड्यातली बाई. बांकाबाई निर्दोष होती असं मी म्हणत नाही. १८५७ मध्ये ती इंग्रजांच्या बाजूला राहिली हे खरंच आहे. पण तीन वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत घर लिलावात गेलेलं, पदरी दत्तक पोर, हाताखाली शेकडो माणसं आणि वय सत्तरीच्या पुढे. अशा वेळी घर वाचवायला तिनं मान तुकवली असेल, तर तिला नुसतं काळं फासून मोकळं होता येईल का? आपल्या घरांतूनही हे चालतंच. दोन भावांत वाटण्या झाल्या की घर कोणी फोडलं म्हणून बोट कुणाकडे दाखवतात, ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोड बातमी सांगून थांबते. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली होती. महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती २०२५ मध्ये विकत घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईला आली. लिलावात गेलेलं सगळंच परत यायचं नाही, पण एक वस्तू तर आली.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हात फिरू नका, सकाळी लवकर निघा, पायात साध्या चपला घाला, पाण्याची बाटली विसरू नका. बर्डी, गांधी गेट, महाल, शुक्रवारी तलाव या क्रमानं चाललात तर दुपारपर्यंत सगळं होतं. आणि हो, मग इतवारी काही लांब नाही. साड्यांची खरेदी राहिली असेल, तर ती संध्याकाळी खुशाल करा!