आमच्या घरचा ॲम्प्लिफायर

कोल्हापुरास गाण्याचा नाद जुना आहे. शाहू छत्रपतींच्या दरबारीं राहिलेल्या खांसाहेब अल्लादियाखां ह्यांची गायकी येथें रुजली. आमचे आजोबा ह्याच गायकीचे भक्त. खांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांचें गाणें ऐकल्यावांचून त्यांची सायंकाळ जात नाहीं.

त्यांचा ॲम्प्लिफायर ‘क्लास ए’ जातीचा. त्याच्या पाठीवर हात ठेववत नाहीं. उन्हाळ्यांत तर ती खोली भट्टीच होते. तरी “पोरांनो, आवाजाला वजन येतं तें ह्या ऊबेमुळंच,” असें आजोबा म्हणत. विजेचें बिल वाढलें तेव्हां बाबांनीं तो विकण्याची गोष्ट काढली, आणि आजोबा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. हा वाद मोजमापानें मिटवावा असें आम्हां भावंडांस वाटलें.

आम्हीं मीटर लावून पाहिलें. गाणें चालू असो वा नसो, जुनें यंत्र ९० वॅट घेतच राही. रोज ५ तासांप्रमाणें महिन्यास १३.५ युनिट. ‘क्लास ए’मध्यें विद्युत्प्रवाह अखंड वाहता ठेवावा लागतो. तत्त्वतःहि निम्म्याहून अधिक शक्ति स्पीकरला मिळत नाहीं. बाकीची उष्णता होऊन जाते. ‘क्लास डी’मध्यें ट्रान्झिस्टर सेकंदास लक्षावधि वेळां पूर्ण उघडतो व पूर्ण मिटतो. तो अर्धवट उघडा राहत नाहीं, म्हणून फारसा तापत नाहीं, आणि मोठ्या आवाजांत सुमारें ९० टक्के शक्ति स्पीकरपर्यंत पोंचते. एका स्नेह्यांकडून असा ॲम्प्लिफायर आणला. त्यास तेवढ्याच आवाजाला १२ वॅट पुरले, म्हणजे महिन्यास १.८ युनिट.

आणखी एक गोष्ट कळली. स्पीकर ३ डेसिबलनें अधिक संवेदनशील असला, तर तितक्याच आवाजास निम्मी शक्ति पुरते. तेव्हां खोक्यावरील वॅटच्या मोठ्या आंकड्यास न भुलतां, यंत्र स्वस्थ असतां किती वीज खातें व स्पीकर किती संवेदनशील आहे, हें आधीं पाहावें.

मग आजोबांस पडद्याआड बसवून, आवाज सारखा ठेवून, दोन्ही यंत्रें दहा वेळां ऐकविलीं. त्यांनीं सहा वेळां बरोबर ओळखलें. नाणें उडवून सांगितलें असतें तरी जवळजवळ इतकेंच जमलें असतें! ते खिन्न झालेले पाहून आम्हीं सांगितलें, “आजोबा, १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळांत गेली तींत केसरबाईंचा आवाज आहे, आणि त्या यानाचा पृथ्वीशीं बोलणारा प्रक्षेपक आहे सुमारें २३ वॅटचा. मग ह्या खोलीला ९० कशाला?” आजोबा हंसले.

आतां रोज नवें यंत्र लागतें. जुनें रविवारीं एक तास. तें विकावें असें बाबाहि आतां म्हणत नाहींत. ईश्वरानें दिलेल्या वस्तूंचे आपण धनी नसून कारभारी आहों, असें शाळेंत आम्हांस शिकवितात. काटकसर करावी, पण ती करतांना वडील माणसाचें मन मोडूं नये, इतकें आम्ही ह्यांतून शिकलों.