एक ठोकळा काढला आणि यान दुभंगले

१/
या धाग्यात आजवर आपण शिलालेख, वीरगळ आणि बारवा यांविषयी बोललो. आजचा विषय काहींना पोरकट वाटेल : संगणकावरच्या खेळातले अंतराळयान. पण याच यानाने मला माझ्या प्रबंधातली एक मोठी चूक दाखवली. ती लपवण्यापेक्षा तुमच्यासमोर मांडणे अधिक बरे.

२/
इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे आमचे गाव. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा बारावीतला धाकटा भाऊ ‘स्पेस इंजिनिअर्स’ हा खेळ खेळण्यात बुडालेला होता. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाऊस या कंपनीने तो २०१३ मध्ये अपूर्ण स्वरूपात खुला केला. पूर्ण आवृत्ती २०१९ मध्ये आली.

३/
अशा खेळाला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. अंगणात वाळूचा ढीग पडला की मुले त्यात किल्ला करतात, बोगदा करतात, मोडून पुन्हा करतात. काय करायचे ते कोणी सांगत नाही. येथेही तसेच. साहित्य समोर असते आणि बांधायचे काय, ते आपण ठरवायचे. भाऊ दोन महिने खनिज खणत होता, ते शुद्ध करून पोलादी पत्रे घडवत होता आणि त्यांतून एक मोठे यान उभारत होता.

४/
या यानाचा मूळ घटक म्हणजे घनाकृती ठोकळा. त्याची मापे दोनच : मोठ्या बांधणीत प्रत्येक बाजू अडीच मीटर, लहान बांधणीत अर्धा मीटर. म्हणजे एका मोठ्या ठोकळ्याच्या जागेत १२५ लहान ठोकळे मावतात. सोबत उतरते, कोपऱ्याचे, अर्धे असे त्याचे भाऊबंद. माप ठरलेले असल्यामुळेच कोणताही ठोकळा कोणत्याही ठोकळ्याशेजारी बसतो.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे हडप्पा आठवल्याशिवाय राहत नाही. तेथील पक्क्या विटांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण साधारण १ : २ : ४ असे सापडते आणि ते एकमेकांपासून दूर असलेल्या नगरांतही आढळते. प्रमाण ठरले की भट्टीवरचा माणूस आणि भिंतीवरचा माणूस यांनी एकमेकांना भेटण्याचीही गरज उरत नाही. मापावरचे एकमत हाच त्या नगरांचा पहिला शोध म्हणावा लागेल.

६/
आता वजन. मोठा हलका कवच-ठोकळा २५ पोलादी पत्र्यांचा आणि ५०० किलोचा. त्याच आकाराचा जड कवच-ठोकळा ३,३०० किलोचा. दिसायला जवळजवळ सारखेच. (त्याच मापाचा आपल्या काळ्या पाषाणाचा भरीव ठोकळा केला, तर तो सुमारे ४५ टनांचा होईल.) नवखा खेळाडू सगळीकडे जड कवच लावतो आणि मग यान जमिनीवरून हलत नाही. हलके कुठे आणि जड कुठे, हे ठरवणे म्हणजेच निम्मी यानबांधणी.

७/
हा विचारही जुनाच आहे. आमच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील पालमपेट येथे, काकतीय काळातले रामप्पा मंदिर आहे. इ. स. १२१३ मध्ये उभारलेले, २०२१ पासून जागतिक वारसा. त्याचे जोते, खांब आणि तुळया दगडाच्या. शिखर मात्र सच्छिद्र, पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटांचे. खालचा भार दगडाने पेलायचा आणि वरचा भार मुळात कमीच ठेवायचा. भावाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे वर लाइट आर्मर, खाली हेवी. बरोबर आहे त्यांचं.”

८/
कवचानंतर काम करणारे ठोकळे येतात. अणुभट्टी, बॅटरी किंवा सौरपट्ट्या वीज देतात. थ्रस्टर यानाला ढकलतात. यान जागेवर थांबवायचे असेल तर ते पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली अशा सहाही दिशांना लागतात, कारण पोकळीत आपोआप वेग कमी करणारे काहीच नसते. जायरोस्कोप यान वळवतो. कॉकपिटमधून चालक आज्ञा देतो.

९/
यातल्या प्रत्येक ठोकळ्यात कुणाचे तरी आयुष्य घडी घालून ठेवलेले आहे. ‘जायरोस्कोप’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको याने १८५२ मध्ये दिले. पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी त्याने ते उपकरण वापरले. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपली दिशा सांभाळते, त्यात त्याच तत्त्वावरच्या चार महाकाय चाकांचा वाटा आहे. यान किती इंधनात किती वेग गाठेल, याचे गणित रशियन शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. खेळात हे सारे एका क्लिकवर मिळते.

१०/
तर ती दुपार. यान ग्रहापासून काही शे मीटर उंचीवर स्थिर तरंगत होते. भाऊ म्हणाला, “ताई, जड झालंय. जिथं नको वाटतं तिथले ठोकळे काढून दे, मी जेवून येतो.” मी खेळातला ग्राइंडर हाती घेतला. पुढे कॉकपिट, मागे अणुभट्टी आणि इंजिने, मध्ये एक अरुंद मान. त्या मानेत एक साधा कवच-ठोकळा होता. त्यावर दिवा नाही, यंत्र नाही, रंगही नाही. मला तो निरुपयोगी वाटला. मी तो काढला.

११/
यान दुभंगले. या खेळात वेगळ्या तारा ओढाव्या लागत नाहीत. एकमेकांना चिकटलेल्या ठोकळ्यांतूनच वीज आणि आज्ञा पोहोचतात. पुढच्या तुकड्यात आज्ञा होती, पण इंजिन नव्हते. मागच्या तुकड्यात इंजिने होती, पण आज्ञा नव्हती. दोन्ही तुकडे खाली कोसळले. जुन्या संगणकावर खेळ अडखळतो म्हणून भावाने आपोआप साठवण्याची सोय बंद ठेवली होती. शेवटची साठवलेली प्रत कित्येक आठवड्यांपूर्वीची निघाली.

१२/
तो ओरडला नाही. “काय केलंस हे, ताई,” एवढेच म्हणाला आणि बाहेर निघून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई म्हणाली, “खेळातलंच तर होतं.” मला मात्र तसे म्हणवेना. दोन महिन्यांचे काम कुणी क्षणात मोडले, तर ते कुठे केलेले होते याने दुःख कमी होत नाही.

१३/
त्या रात्री मी भारताच्या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपकाविषयी, एसएलव्ही-३ विषयी, वाचत बसले. चार टप्प्यांचे, सुमारे २२ मीटर उंच, १७ टनांचे हे यान १० ऑगस्ट १९७९ रोजी उडाले आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-व्यवस्थेतली एक झडप नीट बंद झाली नव्हती. तिच्यातून द्रव गळून गेला आणि यानाची दिशा सुटली. इंजिने शाबूत, टप्पे शाबूत. घात एका झडपेने झाला.

१४/
पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या यानाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला. त्या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर; घन इंधनातले जाणकार म्हणून ते ओळखले जात. आपल्या पाठ्यपुस्तकांत १९८० चे यश एका ओळीत येते. १९७९ ची ती झडप येत नाही. माझ्या मते, त्या यशाचा इतिहास झडपेपासून सुरू व्हायला हवा.

१५/
आणि मग मला माझी वही आठवली. माझा प्रबंध नांदेड जिल्ह्यातल्या चालुक्यकालीन मंदिरांवर आहे. देगलूर तालुक्यातले होट्टल त्यातले मुख्य स्थळ. तेथील सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतींवरच्या सुरसुंदरी पाहायला लांबून लोक येतात. मीही त्यांच्यावर पानेच्या पाने भरली होती : केशरचना, अलंकार, हातांच्या मुद्रा. परिसरात विखुरलेल्या दगडांसाठी वहीत एकच ओळ होती : ‘इतर साधे दगड, पडझडीतले.’

१६/
साधे दगड! जे मंदिर चुन्याशिवाय उभे असते, ते साध्या दगडांवरच उभे असते. (अशा प्रत्येक मंदिराला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो; पण हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. होट्टलची मंदिरे त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची.) खांबही एकसंध असतोच असे नाही : बैठक, दंड, शीर्ष आणि वरचा हस्त असे सुटे भाग. एकात खाच, दुसऱ्यात उंचवटा. त्यावर तुळई, तुळईवर छत, आणि छताचे थर एकेक करत आत सरकलेले.

१७/
खेळ आणि देऊळ यांतला फरकही येथेच कळतो. खेळात ठोकळा बाजूच्या ठोकळ्याला आपोआप चिकटतो. दगड चिकटत नाही. त्याला जागेवर ठेवते ते वरचे वजन. छताचा पुढे आलेला दगड खाली कोसळत नाही, कारण त्याच्या मागच्या टोकावर कुणीतरी दुसरा, पूर्ण अनलंकृत दगड ठेवलेला असतो. तो बाहेरून दिसतही नाही. तो काढा, सुरसुंदरीसकट भिंत खाली येईल.

१८/
२०२५ मध्ये होट्टल येथे राज्य पुरातत्त्व विभागाच्या कामात ढिगाऱ्याखालून मंदिरांचे पाये आणि शिलालेख उजेडात आले. इ. स. १०७० च्या सुमारास बांधकामाला दान देणाऱ्यांची नावे त्यांत आहेत. ढिगारा म्हणून ज्याकडे आपण पाठ फिरवतो, त्याच्या पोटात हे होते. माझ्या वहीतली ती एक ओळ वाचून मला त्या रात्री खरोखर लाज वाटली. ग्राइंडर मी खेळात एकदाच चालवला होता. वहीत तो वर्षभर चालवत होते.

१९/
तिसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा यान बांधायला बसला. मी शेजारी जाऊन बसले आणि दुपारभर त्याच्यासाठी खनिज खणत राहिले. त्याने सर्वप्रथम मधली मान बांधली. या वेळी एका ठोकळ्याऐवजी तिहेरी. मी विचारले, आधी इंजिन का नाही? तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, “इंजिन केव्हाही बसवता येतं, ताई. बसवायला जागा नको का?” दोन दिवसांनी तो माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

२०/
सुट्टी संपल्यावर मी होट्टलला परत गेले. या वेळी दोरी, मोजपट्टी आणि आलेखाची वही घेऊन. मोडलेले मंदिर पुन्हा उभे करायचे, तर आधी प्रत्येक दगडाला क्रमांक देतात, त्याचे रेखाटन करतात, मगच कोणता कुठला हे जुळवतात. मी काही मंदिर उभे करणार नाही. पण किमान मोजू तरी शकते. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जाडी, खाच कोणत्या बाजूला, हे लिहिते आहे. काम कंटाळवाणे आहे. प्रबंध लांबणार आहे. मार्गदर्शकांना मी तसे कळवले आहे.

२१/
तुम्हाला एक विनंती. मराठवाड्यात गावोगावी असे दगड आहेत : शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठाला, धुणे धुण्याच्या जागी, एखाद्या घराच्या पायरीला. मूर्ती दिसली की आपण छायाचित्र काढतो. या वेळी मूर्ती नसलेला दगडही पाहा. कडेला सरळ तासलेली खाच, मधोमध चौकोनी खळगा, एका बाजूस घडाई आणि दुसरी बाजू ओबडधोबड असे काही दिसले, तर तो कधीकाळी कशाचा तरी भाग होता, अशी दाट शक्यता आहे.

२२/
तो हलवू नका, घासू नका, त्यावर शेंदूर लावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, गावाचे नाव आणि नेमकी जागा लिहा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती तेथेच राहून जाते.

२३/
भावाचे नवे यान अजून अपुरे आहे. बारावीची परीक्षा जवळ आल्यामुळे आईने संगणकावर चादर टाकली आहे. मधली मान मात्र पूर्ण झाली आहे आणि या वेळी त्याने प्रत साठवून ठेवली आहे. पुढच्या भागात होट्टलच्या मोजणीतून काय निघाले, ते लिहीन. तोवर तुमच्या गावातला असा एखादा ‘साधा’ दगड असेल, तर या धाग्याखाली अवश्य सांगा.