चक्रवाकाचें चित्र

अध्यापनाच्या काळांत मीं चक्रवाक किती वेळां शिकविला असेल, याचा हिशेब ठेवलेला नाहीं. रात्र पडतांच नरमादीची ताटातूट होते व दोन तीरांवरून तीं एकमेकांस हाका मारतात, हा कविसंकेत. आणि ‘मेघदूता’तील यक्ष आपल्या पत्नीस एकाकी चक्रवाकीची उपमा देतो, एवढें सांगून मी फळ्यावर समास सोडवूं लागे. एकदां मागल्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “सर, तुम्ही तो पाहिला आहे का?” मीं त्याला गप्प बसविलें. त्या प्रश्नाची टोचणी मात्र राहिली.

गेल्या मार्गशीर्षांत मुलानें आपला जुना कॅमेरा व ३०० मिलिमीटरचें भिंग माझ्या स्वाधीन केलें. हा पक्षी हिंवाळ्यांत लडाख, तिबेट व मध्य आशियाकडून आपल्याकडे येतो आणि लोक त्याला ब्राह्मणी बदक म्हणतात, हें मला साठीनंतर कळलें! पुण्याहून सोलापूर रस्त्यानें गेल्यास लोणी काळभोरजवळ कवडीपाट येथें मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. नदी मैली, पाण्यावरील फेस व प्लास्टिक पाहून किळस येते. तथापि पांखरें तेथें येतात, हें त्यांचें औदार्य.

पहिल्या दिवशीं मी शुभ्र सदरा घालून सरळ कांठाकडे चालत गेलों. शंभर मीटरांवर असतांनाच माना वर झाल्या आणि नारिंगी-तपकिरी अंगाची ती जोडी पलीकडल्या तीरावर उडून गेली. मीं सत्तर चित्रें काढलीं होतीं. नातीनें तीं संगणकावर मोठीं करून पाहिलीं.

“आजोबा, यांत बदक कुठें आहे?”

“तो ठिपका.”

मग मीं त्रैराशिक मांडलें. पक्षी सुमारें ६५ सेंटिमीटर लांब, अंतर १०० मीटर, भिंग ३०० मिलिमीटरचें. म्हणजे आंत पडणारी प्रतिमा दोन मिलिमीटरांहून किंचित् लहान. ती ग्रहण करणारी पट्टी या कॅमेऱ्यांत जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. चित्राच्या रुंदीचा बारावा हिस्सा पक्षी, बाकी सारें पाणी व शेवाळ! अंतर निम्में केल्यास प्रतिमा दुप्पट लांब, क्षेत्रफळ चौपट. सबब भिंगापेक्षां पाय महत्त्वाचे ठरले. पण पाय पुढें टाकला कीं पक्षी उडे.

तेव्हां मातकट सदरा घेतला आणि बसण्याचा अभ्यास सुरू केला. पहांटे झुडुपाच्या आडोशास जावें. पक्ष्यानें मान वर करतांच थिजावें आणि तो पुन्हां चरूं लागेपर्यंत हालूं नये. माझे गुडघे या व्रताला फारसे अनुकूल नाहींत. हात कांपतो म्हणून उशीच्या जुन्या अभ्र्यांत तांदूळ शिवून त्यावर भिंग टेकलें. उडत्या पक्ष्यासाठीं सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच वेळ ठेवावा, हेंही शिकलों. दोनदां कॅमेऱ्यानें पक्षी सोडून पुढलें गवतच सुस्पष्ट टिपलें. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरूं लागते. मग कितीही जपा, चित्र विरघळल्यासारखेंच येतें.

माघांतील एका संध्याकाळीं मुद्दाम उशिरापर्यंत थांबलों. उशीर झाला म्हणून रागावणारें माणूस आतां घरांत नाहीं; पत्नीस जाऊन चार वर्षें झालीं. खरें सांगावयाचें तर मला ती ताटातूट पाहावयाची होती. सूर्य मावळला, समोरचीं झाडें काळीं झालीं. जोडी एकाच खडकावर उभी होती. एकानें पाठीच्या पिसांत चोंच खुपसली, दुसरें जागें राहिलें. मधूनच एक सानुनासिक हाक येई, तीही शेजारच्यालाच. मला दिसत होतें तोंवर कोणी कोणास सोडून गेलें नाहीं. प्रकाश अपुरा होता, तरी मीं कळ दाबली.

तें चित्र रवाळ व काळसर आलें; त्यांत दोन फिकट गोळे तेवढे दिसतात. नात म्हणाली, “आजोबा, हें तर अगदींच बिघडलंय. पुसून टाकूं?”

“राहूं दे,” मीं म्हटलें. मागल्या बाकावरील त्या मुलाचा पत्ता मिळाला, तर तें त्याला पाठवावें असा विचार आहे.