मीटरचा काटा आणि आजीचा हात

माझे आजोळ राळेगणसिद्धी. पारनेर तालुक्यातले, पावसाने कायम हात आखडता घेतलेले गाव. तिथल्या घराघरांत लावलेले जुने फोटो पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरे. टोपी पांढरीशुभ्र, सदरा पांढराशुभ्र आणि तोंडाच्या जागी काळा डाग! माणूस ओळखायचा तो उभे राहण्याच्या ढबीवरून.

असे का होते ते थोरल्या मामांनी मला शिकवले. ते नगरला फोटो स्टुडिओत कामाला होते. त्यांच्याजवळ वेस्टनचे उजेड मोजायचे मीटर होते. त्याला सेल लागत नसे. आतल्या सेलेनियमवर उजेड पडला की तिथेच थोडी वीज निपजते आणि काटा हलतो. मामा म्हणायचे, "यंत्र इमानी आहे, पण त्याला माणूस कळत नाही." चुन्याची भिंत दाखवा नाहीतर काळी म्हैस, मीटर दोन्हींना राखाडीच समजते. पांढऱ्या कपड्यांवर धरले की ते भिंगाचा झरोका बारीक करायला सांगते, आणि उन्हाने रापलेला चेहरा अंधारात जातो.

उघड्या माळावरच्या लख्ख उन्हात तसे मीटरवाचून चाले. शंभर गतीचे रीळ, झरोका सोळा, शटर सव्वाशे. पण १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, पुढे नालाबांध, पाझर तलाव झाले, झाडे वाढली. गावाला सावली आली तसे आमचे मीटरचे काम वाढले!

आजीचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. ती ओट्यावर सावलीत बसली, पाठीमागे चुन्याची भिंत. रिळात एकच फोटो उरलेला. लांबून मीटर अकरा दाखवी. मामा म्हणाले, "भिंतीचं ऐकू नकोस. तळहात मोज. चेहरे कमीजास्त काळे असतात, तळहातात तेवढा फरक नसतो." मी आजीचा हात पुढे घेतला.

"काय रं लेका, भविष्य बघतो व्हय माझं? आता काय ऱ्हायलंय त्यात?"

काटा आठवर थांबला. तळहात राखाडीपेक्षा उजळ, म्हणून झरोका एक घर मोठा करायचा. आकडा लहान तेवढा झरोका मोठा. मी साडेपाचच्या किंचित पुढच्या खुणेवर आणला. आजी हसत होती, तेवढ्यात खटका दाबला.

तो फोटो धाकट्या मामांकडे अजून आहे. आजीच्या कपाळावरचे गोंदण त्यात स्वच्छ दिसते.